‘बियाणं आलंय’ सांगणारा माईक

मी माईक बोलतोय. शिरूरच्या नागसेनमामांच्या रिक्षातला. डोक्याची जाळी एका बाजूनं चेपलेली आहे, वायरीला तीन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलीय. मला पाहिलेली माणसं थोडी. पण माझ्यातून गेलेला आवाज ऐकला नाही, असं घर आमच्या पट्ट्यात सापडायचं नाही. त्या आवाजाचं काय झालं, ते सांगायचंय.

मला घडवलं कुणी, कुठल्या गावात, ते मला माहीत नाही. पहिली जाग आली ती पुण्यातल्या एका दुकानात, खोक्याचं झाकण निघालं तेव्हा. गिऱ्हाईकं मला तोंडाशी धरून ‘हॅलो हॅलो, वन टू थ्री’ म्हणत आणि परत ठेवून देत. मग एक उंच, सावळा माणूस आला. त्यानं मला हातात घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “उद्या सकाळी नऊला केंदूरच्या शाळेत डोळं तपासायचं शिबिर हाय. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून आणा.”

दुकानदार हसला. “अहो, इथं कुठलं केंदूर?”

“आवाज तपासायचा तर खरं वाक्य बोलून तपासावा,” मामा म्हणाले. शिबिर खरोखरच होतं. तेव्हापासून मी त्यांचा.

मामांनी आवाज कमावला होता तो त्यांच्या वस्तीतल्या जयंतीच्या मंडपात. ओरडायचे नाहीत. शब्द सुटा सुटा टाकायचे, वाऱ्याची दिशा बघून रिक्षा उभी करायचे. वर दोन भोंगे, मागं बॅटरी, पुढं आम्ही दोघं. पोलिओचा डोस, रक्तदान, रेशनची तारीख, यात्रेत चुकलेलं पोर, कुणाच्या तरी मयतीची वेळ, सगळं माझ्यातून गेलं. बाया चुलीपुढून उठून दारात यायच्या. “नागसेन काय म्हणतोय ते ऐकू द्या,” म्हणून म्हातारी माणसं पोरांना गप्प करायची.

एकदा गुडघेदुखीच्या तेलवाल्यानं दोन दिवसांचं काम आणलं. मामांनी एक बाटली ठेवून घेतली. “आईच्या गुडघ्याला लावून बघतो. म्हैन्यानं या,” म्हणाले. तो परत आला नाही. स्वतः विचारपूस केल्याशिवाय माझ्यात एक अक्षर बोलायचे नाहीत, असा माणूस.

मग मोबाईल आले आणि आमचं काम आटलं. ग्रामपंचायती निरोप फोनवर पाठवू लागल्या. निवडणुकीचे उमेदवार पुण्याहून गाणी भरून आणू लागले. रिक्षा आठवडा आठवडा दारात उभी राहायची. मामा रोज सकाळी मला पुसायचे आणि जागेवर ठेवायचे. त्यांची मुलगी भाग्यश्री कंपनीत नोकरीला लागली होती, घर चालत होतं. पण मामांना कुणी बोलवत नव्हतं, आणि ते त्यांना लागत होतं.

अशा दिवसांत रविराज आला. यवतचा, तिशीतला, बोलायला गोड. आल्या आल्या मामांच्या पाया पडला.

“मामा, शिवारकॉईन नावाचं नवीन नाणं हाय. फोनातलं. त्याचा प्रचार माझ्याकडं हाय. पण फोनवर जाहिरात टाकली की ते ॲपवाले कंपनीचे लोक तासाभरात बंद पाडत्यात. माझी अकरा अकाउंटं उडाली.”

“का बरं?”

“नियम हाय त्यांचा. असल्या नाण्याची जाहिरात परवानगीशिवाय चालत न्हाई. मी लई युक्त्या केल्या. तपासणाऱ्याला खताचं पान दाखवायचं आन् गिऱ्हाइकाला नाण्याचं. तेबी पकडलं. मग गावातल्या लोकांची अकाउंटं भाड्यानं घेतली. तीबी गेली.”

“मग मी काय करू?”

“तुम्ही नुसतं बोला. नाणं म्हणायचं न्हाई, बियाणं म्हणायचं. पैसं घाला न्हाई, पेरा म्हणायचं. काढायचं झालं तर काढणी. तिकडं वाचायला मशीन बसलंय मामा, त्याला आपलं शेतातलं बोलणं कळत न्हाई. आन् जाहिरात म्हणून टाकायचंच न्हाई. नागसेनमामा आपल्या मनानं बोलले, लोकांनी पुढं पाठवलं. एवढंच.”

मामा लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी तेलाच्या बाटलीसारखंच केलं. थोडे पैसे स्वतः घातले. महिन्याभरानं ते वाढून रविराजच्याच हातून परत आले, खरेखुरे. मामांना वाटलं, आपण पारखून घेतलं. तेल लावून बघितलं होतं खरं, पण या वेळी ते तेलवाल्याच्याच हातानं लावलं होतं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

यवतला हायवेच्या कडेला, पत्र्याच्या दुकानावरच्या खोलीत आमचं काम सुरू झालं. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या. वारा नाही, कुत्री नाहीत, समोर दारात उभी बाई नाही. मामा कॅमेऱ्याकडं बघून बोलायचे, “मंडळी, नवीन बियाणं आलंय. मी स्वतः पेरलं, काढणी केली. तुम्ही बघा आन् ठरवा.” मग रविराज सुटे सुटे शब्द बोलायला लावायचा. केंदूरकरांनो. पाबळकरांनो. दौंडकर बंधूंनो आणि भगिनींनो. आजच. उद्याच. विश्वास ठेवा.

“एवढं कशाला रं?” मामांनी विचारलं.

“तुम्हाला सारखं यवतला यायचा त्रास नको म्हणून.”

पहिला व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. आजवर परक्या गावात मामांचा चेहरा कुणी ओळखत नव्हतं, आता चहाच्या टपरीवर माणसं उठून जागा देऊ लागली. मामांनी नवीन शर्ट शिवून घेतला. मला त्यांचा आनंद कळत होता. बोलताना त्यांचा श्वास पूर्वीसारखा भरून येत होता. मी त्या आनंदात सामील होतो, ते नाकारत नाही.

भाग्यश्री मात्र एका रविवारी जेवताना म्हणाली, “पप्पा, तुम्हाला रविराज पैसे देतो ना बोलायचे?”

“देतो की. माझ्या येळंचं देतो.”

“मग ही जाहिरात आहे, असं तुम्ही सांगत का नाही?”

“सांगितलं तर बंद पाडत्यात.”

“का बंद पाडतात, ते विचारलंत?”

मामांनी ताट पुढं सारलं. मग म्हणाले, “तू कंपनीत चार बुकं वाचती म्हणून बापाला शिकवायला लागली व्हय?” त्या घरात एवढ्या मोठ्यानं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

केंदूरला साखरबाई राहते. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक सासरी. तिनं घराला पक्कं छप्पर घालायला पैसे साठवले होते. एक दिवस मामा रक्तदानाचं काम घेऊन तिकडं गेले, तेव्हा तिनं हात करून रिक्षा थांबवली. हाताला पीठ तसंच होतं.

“नागसेनभाऊ, त्या बियाण्याचं खरं हाय का वो? माझ्या भाचीनं फोनवर दावलं.”

मी मामांच्या गळ्यात होतो, बटण बंद. मामांनी तिच्याकडं बघितलं. एवढंच म्हणाले असते की थोडं थांब, मी अजून चौकशी करतो, तर आज मला हे सांगावं लागलं नसतं. पण चाळीस हजार माणसं त्यांच्या मागं उभी होती.

“मी बोललोय म्हंजी खरंच आसंल ना, बाई?”

“तुमी म्हणताय तर मग झालं,” ती म्हणाली आणि हात पदराला पुसत आत गेली.

दोन महिन्यांनी शिवारकॉईनचं फोनातलं ॲप उघडेना, सगळ्यांचे पैसे आत अडकले. आधी वाटलं रेंज नाही. मग वाटलं दुरुस्ती चाललीय. रविराजचा फोन बंद. मामा रिक्षा घेऊन यवतला गेले. खोलीला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर भिंतीवरच्या गाद्याही काढून नेल्या होत्या. खालच्या दुकानदारानं सांगितलं, “चार दिवस झालं. भाडं बुडवून गेला.”

लोक रविराजकडं जाणार कुठं? त्याचा चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. ते मामांच्या दारात आले. काही शिव्या देत होते. एकानं रिक्षावरचा भोंगा उपटून नाल्यात फेकला. साखरबाई सगळ्यांत शेवटी आली, केंदूरहून एस.टी. बदलत. ओरडली नाही. पायरीवर बसली. भाग्यश्रीनं पाणी दिलं, ते तिनं तसंच खाली ठेवलं.

“त्या पोराला मी वळखतसुदिक न्हाई,” ती मामांना म्हणाली. “मी तुमाला वळखत होते.”

 मग शेवटची गाडी चुकू नये म्हणून ती निघून गेली.

तक्रारी झाल्या. मामांना चौकीत बोलावलं. पुरावा म्हणून मलाही पिशवीतून नेलं होतं. साहेबांनी फोनवर व्हिडिओ लावला.

“आवाज तुमचा?”

“व्हय साहेब.”

“कुणाच्या सांगण्यावरून बोललात? जाहिरातीचा काही कागद, करार?”

“कागद न्हाई. ते म्हणले, जाहिरात म्हणून टाकायचंच न्हाई. मी आपल्या मनानं बोलतोय असं दिसलं पायजे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. “मामा,” तो हळू म्हणाला, “तसंच दिसतंय. बघणाऱ्याला असंच वाटतंय की तुम्ही तुमच्या मनानं बोललात. त्याचं नाव कुठंच नाही. या सगळ्यात नाव असलेला माणूस एकच आहे.”

मशीनला फसवायला जी युक्ती केली होती, ती अशी पुरती मामांच्या गळ्यात आली. रविराज आजवर सापडला नाही. मामांना दर महिन्याला चौकीत हजेरी द्यावी लागते.

एवढ्यावर भागलं असतं तरी दिवस निघाले असते. पण एका दुपारी भाग्यश्री कंपनीतून लवकर आली. तिनं फोन पुढं धरला. पडद्यावर हिरवी शेतं, माणूस कुणीच नाही, आणि आवाज मामांचा. “दौंडकर बंधूंनो आणि भगिनींनो, नवीन बियाणं आलंय. विश्वास ठेवा.” नाणं वेगळं, नाव वेगळं. गादीच्या खोलीत सुटे सुटे बोललेले शब्द कुणीतरी ओळीनं जोडले होते.

तिनं तक्रार टाकली. ते पान बंद झालं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नावानं उघडलं. तेही बंद केलं. मग तिसरं.

मामांनी उरलेला एक भोंगा बांधला आणि मला घेऊन बाहेर पडले. पाबळला चौकात रिक्षा उभी केली. “मी नागसेन बोलतोय. फोनवर माझ्या आवाजात बियाण्याचं सांगत्यात, ते मानू नका. तो मी न्हाई.”

ओट्यावर हौसराव आप्पा बसले होते, मामांना वीस वर्षं ऐकत आलेले. त्यांनी काठी उचलून थांबवलं. चिडले नव्हते, खरंच विचारत होते. “नागसेन, फोनातला आवाज तुझाच, हाबी तुझाच. आता आमी कोंचा मानायचा?”

मामांनी माझं बटण बंद केलं. पुढच्या दोन गावांत बोललेच नाहीत, नुसती रिक्षा फिरवली. संध्याकाळच्या आत केंदूरला आलो. शाळा सुटत होती. साखरबाई पातेली घासत होती. मामा तिच्यापुढं उभे राहिले आणि मला तिच्यापुढं धरलं.

“बाई, माझं कुणी ऐकत न्हाई. तुमी बोला.”

तिनं माझ्याकडं, मग मामांकडं पाहिलं. ती नाही म्हणेल असंच मला वाटलं. तिनं ओले हात झटकले आणि मला धरलं, फार जवळ, आवाज फाटत होता. “मी साखरबाई. खिचडीवाली. माझं छपराचं पैसं गेलं. तुमी घालू नका.” बस, एवढंच. पण रस्त्यावरच्या बाया थांबल्या. एकीनं पदरातला फोन काढला आणि काहीतरी पुसून टाकलं.

मामांचे डोळे भरून आले. “बाई, मी तुमचं...”

“न्हाई,” तिनं मला परत दिलं. “तुमी आता बोलू नका, भाऊ. आन् इकडं येत जाऊ नका.”

ते त्यांनी पाळलं. त्या दिवसानंतर नागसेनमामा माझ्यात एक शब्द बोललेले नाहीत. रिक्षात आता ते पोरांना शाळेत सोडतात, भाजीची पोती वाहतात. मला काढून टाकलेलं नाही. हँडलखालच्या खणात मी आहे, जाळीवर धूळ बसलीय. लोकहो, तुम्हाला एकच मागणं आहे. कुठलाही ओळखीचा आवाज ‘मी माझ्या मनानं सांगतोय’ म्हणाला, तर त्याला एवढं विचारा, तुला बोलायला कुणी लावलं?

परवा भाडं घेऊन दौंडला गेलो होतो. स्टेशनाबाहेर मामा चहा पीत उभे होते. शेजारच्या बाकावर एक मजूर फोन कानाशी धरून मन लावून ऐकत होता. आत मामा बोलत होते. बियाणं, पेरा, आजच.

“ते बंद करा दादा,” मामा म्हणाले. “खोटं हाय.”

त्या माणसानं वर पाहिलं. त्या नव्या व्हिडिओत मामांचा चेहरा नव्हताच, तो ओळखणार कसा? “तुम्हाला काय म्हाईत? चांगला जाणता माणूस सांगतोय.” आणि बोटानं आवाज अजून मोठा केला.

मामांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि रिक्षात येऊन बसले. बराच वेळ त्यांनी गाडी चालूच केली नाही.