डाग निघण्याची शक्यता

लॉन्ड्रीच्या मालकांचं पत्र आलं तेव्हा खिडकीबाहेरच्या झाडाला पानं नव्हती. पुढे ती फुटली, चांगली तळहाताएवढी झाली, तरी माझं उत्तर गेलेलं नव्हतं. पत्रात अवघड काही नव्हतं. माझी भाची त्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत, कपड्यांवरचे डाग काढते. मालक आता स्टेशनाजवळ दुसरं दुकान उघडणार होते. तिथे देशोदेशीचे प्रवासी येणार, म्हणून काउंटरवर इंग्रजी बोलणारं माणूस हवं होतं. भाचीने ती जागा मागितली होती. मालकांची ना नव्हती, पण त्यांच्या भागीदाराला मराठी येत नाही आणि तो कागदाशिवाय हलत नाही. 'तिला इंग्रजी तुम्हीच शिकवता. तिच्याकडून काय अपेक्षा ठेवता येईल, तेवढं इंग्रजीत लिहून पाठवा,' असं मालकांनी लिहिलं होतं. भागीदाराच्या मनात त्याच्या ऑफिसातली एक मुलगी आहे, हेही खाली बारीक अक्षरात होतं.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक मला दुरून दिसते. स्वतःचं वाक्य लिहायला घेतलं की मात्र पहिल्या शब्दापासून खोडायला सुरुवात होते. भाचीला काउंटर जमेल असं लिहावं, तर उद्या नाही जमलं तर? जमेल की नाही सांगता येत नाही असं लिहावं, तर तो भागीदार पुढचं वाचणारच नाही.

भाचीला घरात सगळे झटपट म्हणतात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती उत्तर देऊन मोकळी होते. कामावर जाण्याआधी ती रोज आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसते, मामीच्या हातची कॉफी पिते आणि माझ्याकडून इंग्रजी शिकते. तिची अडचण माझ्या नेमकी उलट होती.

"समज, एक बाई पांढरा शर्ट घेऊन आली. त्यावर तेलाचा जुना डाग आहे. काय म्हणशील?" मी विचारलं.

"आय विल रिमूव्ह इट."

"आणि इस्त्रीने करपलेलं असेल तर?"

"आय विल रिमूव्ह इट."

"सगळीकडे 'विल' कसं चालेल?"

"मग काय म्हणू? गिऱ्हाईक समोर उभं आहे. त्याला 'बघू' म्हटलं तर तो कपडा उचलून समोरच्या दुकानात जाईल."

तिचं खरं होतं. आपल्या बोलण्यात 'बघू' म्हणजे नाही, आणि 'होऊन जाईल' म्हणजे कधी ते विचारू नका. मधल्या सगळ्या पायऱ्या आपण मानेने नाहीतर हाताने दाखवतो. इंग्रजीत त्या पायऱ्यांना शब्द आहेत, ते तिला द्यायचे होते. पुस्तकातली उदाहरणं तिला झोप आणत. म्हणून मी तिलाच डाग विचारले.

"ताजी कॉफी?"

"निघणारच. हात धुण्याइतकं सोपं."

"तिथे 'विल' ठेव. शाई?"

"बहुतेक वेळा निघते."

"देअर इज अ गुड चान्स. जुनं तेल?"

"कधी निघतं, कधी नाही. कापडाच्या मनात असेल तसं."

"इट माइट कम आउट. करपलेलं?"

"तो डाग नाही मामा, ती जखम आहे."

"मग देअर इज नो चान्स. आणि पुढे आय ॲम सॉरी."

"सॉरी कशाला? मी थोडंच जाळलंय?"

ओट्याकडून मामीचा आवाज आला, "म्हणून टाक गं. सॉरी म्हटल्याने काउंटर झिजत नाही."

झटपटने सगळं दोनदा म्हणून घेतलं. मग भागीदारासमोर म्हणायचं म्हणून घरून तयार करून आणलेलं वाक्य मला ऐकवलं. "आय हॅव अ पॉसिबिलिटी टू वर्क ॲट द काउंटर."

"पॉसिबिलिटी आपल्याजवळ नसते," मी म्हणालो. "ती डागात असते, हवेत असते, उद्याच्या दिवसात असते. माणसाला मिळते ती ऑपर्च्युनिटी. आय वुड लाइक द ऑपर्च्युनिटी टू वर्क ॲट द काउंटर, असं म्हण."

"म्हणजे होईल-न होईल ते पॉसिबिलिटी, आणि कोणी दिलं तर मिळेल ते ऑपर्च्युनिटी."

"बरोबर."

"आणि देणाऱ्याला पत्रच मिळालं नाही तर?"

मी चष्मा पुसायला घेतला. ती उठून माझ्या टेबलाशी गेली. माझे कच्चे कागद तिथे उघडेच होते. सर्वांत वरचा तिने उचलला आणि मोठ्याने वाचला, "शी माइट पॉसिब्ली बी एबल टू मॅनेज."

झटपटने कागद होता तिथे ठेवला.

"म्हणजे मी जुनं तेल," ती म्हणाली.

"चुकीचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून गं."

"मामा, आमच्याकडे अनोळखी कापड आलं की आतल्या शिवणीवर औषधाचा एक थेंब टाकतात. रंग गेला नाही की कामाला लागतात. तुम्ही थेंबसुद्धा टाकला नाहीत. घरी बसून नुसतंच कापड न्याहाळताय." तिने पर्स खांद्याला अडकवली. "काउंटरवरचे भाऊ घसा बसून घरी पडलेत. आज तिथे मी आहे. या आणि बघा."

मामी म्हणाली, "जातील ते. मी ढकलते."

दुपारी मी गेलो. दुकानात शिरलं की वाफेचा दमट वास येतो. प्लास्टिकच्या पिशव्यांतले कपडे छतापासून लोंबत असतात, कोणी बाजूने गेलं की सगळे मिळून कुजबुजतात. झटपट काउंटरमागे उभी होती. केस बांधलेले, अंगावर इस्त्रीचा निळा कोट. तिने मला ओळख दाखवली नाही, नुसतं डोळ्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

मालक मागून आले. "काका, किती दिवसांनी. ते पत्र?"

"तोंडी सांगितलं तर चालेल का?"

"मला चालेल हो. भागीदाराला नाही चालत. पुढच्या आठवड्यात तो माणूस नक्की करणार. तुमचा कागद आला नाही तर त्याच्या ऑफिसातली मुलगी बसेल. मग मी तरी काय बोलू?"

तेवढ्यात दार उघडून एक तरुण बाई आत आली. हातावर करड्या रंगाचा जुना, जड कोट होता. ती इंग्रजीत भरभर बोलू लागली. कोट तिच्या वडिलांचा. खिशात पेन फुटलं. आता खिशाखाली निळा नकाशा तयार झाला होता. वडील तो कोट सोडून दुसरा घालत नाहीत, आणि रविवारी त्यांचा निवृत्तीचा समारंभ. "कॅन यू प्रॉमिस मी इट विल कम आउट?" तिने विचारलं.

मी खुर्चीची कड धरली. इथेच ती 'विल' म्हणणार, असं मला वाटलं. मालकांनाही वाटलं असावं, कारण ते एक पाऊल पुढे झाले.

झटपटने कोट उलटा केला, अस्तर बोटांत धरून पाहिलं. "आय कान्ट प्रॉमिस," ती म्हणाली. "देअर इज अ गुड चान्स. द लायनिंग माइट फेड अ लिटल. विल यू गिव्ह मी द चान्स टू टेस्ट इट?"

बाईच्या कपाळावर आठी पडली. तिने कोटाकडे हात नेला आणि तसाच थांबवला. "ओके," ती म्हणाली.

झटपट मागच्या खोलीतून एक लहान बाटली आणि पांढरं फडकं घेऊन आली. काउंटरवरच, बाईच्या डोळ्यांदेखत, तिने आतली शिवण उलगडली आणि एक थेंब टाकला. घाई केली नाही. जिला आम्ही झटपट म्हणतो ती फडकं हातात धरून गप्प उभी होती. बाई वाकून पाहत होती, मालक पाहत होते, मीही उठून उभा राहिलो होतो. मग तिने फडकं दाबलं. शिवणीचा रंग फडक्यावर उतरला नव्हता. दुसरा थेंब तिने शाईच्या कडेला टाकला, आणि फडक्यावर निळा ठिपका उमटला.

तिने ते फडकं बाईच्या हातात दिलं. "नाऊ आय कॅन से इट शुड कम आउट. यू हॅव अ पॉसि..." ती थांबली. "यू कॅन कलेक्ट इट ऑन सॅटर्डे."

बाईने कोट सोडला. जाताना दारात वळून तिने 'थँक्यू' म्हटलं, तेही मालकांना नाही, झटपटला.

"पॉसिबिलिटी मधेच आली होती," ती मला म्हणाली.

"आली, पण पुढे गेली नाही," मी म्हणालो.

मालक हसत होते. "काका, समोरच्या दुकानात कोट गेला असता तर त्यांनी छातीठोक सांगितलं असतं, निघेल म्हणून. मग रविवारी भांडण."

घरी येताना मला कसलाच विचार करावा लागला नाही. गुड चान्सवरून ती शुडवर गेली, ती मधे एक थेंब टाकून गेली. माझ्या डोळ्यांसमोरही तो थेंब पडला होता. आता माइट लिहिणं हीच चूक ठरली असती, आणि चुका काढणं हेच तर माझं काम होतं.

टेबलाशी बसून मी एका दमात लिहिलं. तिला हे काम येतं: शी कॅन डू धिस वर्क. काय होईल, काय होऊ शकेल आणि काय होणार नाही, ते ती गिऱ्हाइकाला नीट सांगते आणि सांगण्याआधी तपासून घेते. मी स्वतः पाहिलं आहे. शेवटी लिहिलं, तिला ही ऑपर्च्युनिटी द्या, शी विल यूज इट वेल. या 'विल'खाली माझं पेन जरा थांबलं. खोडलं मात्र नाही.

"अहो, आधी पाकीट चिकटवा," मामी म्हणाली. "मग हवं तेवढं वाचा."

"चिकटवल्यावर कसं वाचणार?"

"तेच तर म्हणतेय."

चपला घालून ती माझ्याबरोबरच निघाली. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी आलो तेव्हा 'यूज इट वेल'पेक्षा काही बरं सुचतंय का, असं मनात आलं. पण तोवर पाकीट आत पडलं होतं.