जड टाळी, हलकी टाळी

हिल्काने आयुष्यभर सहा वर्षांच्या पोरांना शब्द तोडायला आणि चिकटवायला शिकवलं. आमच्या कालव्याकाठच्या गावात ज्याला वाचता येतं, त्याला ते बहुतेक तिनेच शिकवलेलं असतं. भाषाच आमची तशी. दोन शब्द शेजारी आले की मधली जागा पुसून टाकतात आणि एकच होऊन बसतात. हांड म्हणजे हात, स्खून म्हणजे बूट; हाताला घालायचा बूट तो हांडस्खून, म्हणजे हातमोजा. कासवाला आम्ही ढालबेडूक म्हणतो, पाठीवर ढाल घेतलेला बेडूक. पोरं आधी हसायची, मग हात उचलायची. हिल्का सांगायची, "पहिली टाळी जड, दुसरी हलकी. पुढचा शब्द ओझं उचलतो, मागचा त्याच्या मागून चालतो." मग वर्गभर टाळ्या पडायच्या, ओल्या बांधावरून गाय चालावी तशा. एक पाऊल रुततं, एक सुटतं.

तिचा नवरा रूलॉफ कालव्याच्या पुलावर कामाला होता. बोट आली की पूल उचलायचा, गेली की खाली घ्यायचा. हिवाळ्यात बटाट्यात घोटलेली हिरवी कोबी पानात पडली की तो तिला डिवचायचा.

"हिल्का, तुझा नियम माझ्या ताटात मोडतो बघ."

बूरनकोल, शेतकऱ्याची कोबी. त्या शब्दात ओझं मागच्या 'कोल'वर असतं. रूलॉफ तो 'कोल' टेबलावर मूठ आपटावी तसा आपटायचा.

"गप खा," ती म्हणायची. "पोरांसमोर बोलू नकोस, वर्षभर मला निस्तरावं लागतं."

पानगळीत एका सकाळी रूलॉफच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागला आणि शब्द गेले. सगळेच. शहरातल्या पुनर्वसन केंद्रात खिडकीपाशी तो बसून असायचा, चेहरा तोच, डोळे तेच, आणि आत पाणी ओसरलेल्या खाडीसारखं काहीतरी नुसतंच चकाकत असायचं.

केंद्राने हिल्काला स्पष्ट सांगितलं होतं. वसंताच्या आधी बैठक होईल. काय हवंय, कुठे दुखतंय, एवढं जरी त्याला सांगता आलं तरी तो घरी जाईल. नाही आलं तर समुद्राकडच्या गावातलं शुश्रूषागृह, आणि तिथून कुणाला परत पाठवत नाहीत. हिल्काचं स्वतःचंही वय झालं होतं. मुका माणूस एकटीने सांभाळायचा, हे तिला कुणी करू दिलं नसतं.

तेव्हा तिने तिच्याजवळ जे होतं तेच काढलं. रोज दुपारी बसने जायची, त्याच्यासमोर खुर्ची ओढायची आणि हात उचलायची.

"हांड." जड टाळी. मग हलकी टाळी, आणि त्या टाळीखाली रिकामी जागा, त्याच्यासाठी ठेवलेली.

आठवडे गेले. ती जागा रिकामीच राहायची. बाळ झोपेतून उठावं म्हणून आईने नुसतं पाळण्याकडे बघत बसावं, तशी ती त्या जागेकडे बघत बसायची. आणि मग एका दुपारी, बाहेर गारांचा पाऊस चालू असताना, रूलॉफचा डावा हात खुर्चीच्या हातावर पडला आणि तो म्हणाला, "स्खून."

हिल्का बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी जाऊन रडली.

त्यानंतर शब्द येत गेले. ती 'सूर्य' म्हणायची, तो 'फूल' म्हणायचा. ती 'ढाल' म्हणायची, तो 'बेडूक' म्हणायचा. अर्धा शब्द तिचा, अर्धा त्याचा, आणि मधे ती टाळी, दोघांनी मिळून धरलेल्या दोरीसारखी. रूलॉफची बहीण आफ्के बघायला आली. जिभेला हाड नसलेली बाई.

"माझा भाऊ इतक्या दिवसांनी बोलला, आणि काय बोलला? बूट," ती म्हणाली. "लहानपणी मी घसा फोडून सांगायची, बूट दाराबाहेर काढ. तेव्हा ऐकलं का मेल्याने?"

रूलॉफ हसला. वेळेवर हसला. हिल्काने ते मनात नीट घडी घालून ठेवलं.

"त्याला सगळं कळतंय, आफ्के."

"कळतंय तर मग मी आणलेला केक कसा झालाय ते विचार त्याला."

"तुझा केक खाऊन धडधाकट माणसाची पण वाचा जाते."

दोघी हसल्या. त्या आठवड्यात हिल्काने वरच्या मजल्यावरचा पलंग सुटा करून खाली बैठकीच्या खोलीत आणवला. नवी निळी रजई आणली. पावाच्या दुकानात सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, पुलावरच्या नव्या माणसालाही सांगितलं, की रूलॉफ घरी येतोय.

एकदाच तिचे हात थांबले होते. केंद्रातल्या जेवणात तीच हिरवी कोबी आली. तिने सवयीने पहिलीच टाळी जड मारली. "बूरन."

"कोल," तो हलकेच म्हणाला.

जन्मभर आपटलेला शब्द त्याने पिसासारखा खाली ठेवला होता, तिच्या टाळीइतकाच हलका. हिल्काने ते ऐकलं. मग ऐकलं नाही असं केलं, आणि त्याचा सॉसेज बारीक कापून दिला.

बैठकीच्या आधी परीक्षा होती. ती घ्यायला आली मेरेल, वाणीचे उपचार करणारी. तीसुद्धा हिल्काच्याच वर्गात टाळ्या वाजवून वाचायला शिकलेली, म्हणून अजून 'बाई' म्हणायची.

"बाई, आधी तुम्ही करता तसं करून दाखवा."

हिल्काने दाखवलं. हातमोजा, सूर्यफूल, कासव. रूलॉफ एकदाही चुकला नाही. प्रत्येक शब्दानंतर तो बायकोकडे बघायचा आणि ती मान हलवायची.

"छान," मेरेल म्हणाली. तिने टेबलावर तीन वस्तू मांडल्या. हातमोजा, चमचा, कंगवा. "रूलॉफ, हातमोजा कुठला? हांडस्खून?"

रूलॉफने तिन्हींकडे बघितलं. मग हिल्काच्या हातांकडे.

"बाई, जरा हात खाली घ्या ना."

हिल्काने हात मांडीवर ठेवले.

"हांड," मेरेल म्हणाली, टाळीविना.

काही नाही. तो हिल्काच्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिला.

"तुझा आवाज त्याच्या ओळखीचा नाही," हिल्का म्हणाली. "आणि तू घाई करतेस. लहानपणीही करायचीस."

"मग तुम्हीच वाजवा. शब्द मी देते." मेरेलने क्षणभर विचार केला. "टांड."

टांड म्हणजे दात. दाताचे कितीतरी शब्द आहेत आमच्याकडे. दाताचा डॉक्टर, दाताचा ब्रश, दातदुखी. हिल्काने टाळ्या वाजवल्या, एक जड, एक हलकी.

"स्खून," रूलॉफ म्हणाला.

दाताचा बूट.

"मेल्क," मेरेल म्हणाली. दूध.

"स्खून."

आणि तो हिल्काकडे बघून हसला, पहिल्या बाकावरच्या पोरासारखा, शाबासकीची वाट बघत. हिल्काने मान हलवली. काय करणार, हलवली.

मेरेलने हातमोजा उचलून पिशवीत ठेवला. "बाई, तो तालाच्या मागे येतोय. तुमच्या हातांच्या मागे. शब्दाच्या आत तो नाही."

"हसतो तो. आफ्के बोलली तेव्हा हसला होता."

"तुम्ही हसलात का आधी?"

आधी आपणच हसलो होतो की काय, ते हिल्काला आता कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना.

"शिकेल," ती शेवटी म्हणाली. "उशिरा शिकणारी पोरं असतात. मला माहीत आहेत."

"मलाही तसंच वाटत होतं, बाई." मेरेलने तिच्या हातावर हात ठेवला. "बैठकीत मला हे सांगावं लागेल."

बैठकीत तिने ते सांगितलं. कुणी वाईट बोललं नाही, सगळे जपूनच बोलले. समुद्राकडच्या गावात खोली रिकामी होती. निळ्या रजईचं काय करायचं, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं.

न्यायची गाडी यायला वेळ होता. हिल्का त्याचे शर्ट घडी करून बॅगेत भरत होती. रूलॉफने खिडकीपासून तोंड वळवलं, स्वतःसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग तिच्याकडे. रोजची वेळ झाली होती, एवढं त्याच्या अंगाला ठाऊक होतं. ती येऊन बसली. त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि वर उचललं. सोडलं. हात तिच्या मांडीवर पडला. त्याने पुन्हा उचलला.

तिला एकही शब्द सुरू करवेना. 'घर' म्हणावं तर त्याच्यामागे काय येईल ते तिला माहीत होतं, आणि तिचं नाव घेतलं तरी तेच येईल.

"आज नको, रूलॉफ," ती म्हणाली.

मग त्याने स्वतःच खुर्चीच्या हातावर तळवा आपटला. एक जड, एक हलका. एक जड, एक हलका. ताल अगदी बिनचूक होता. वर्गात इतका बिनचूक ताल तिने क्वचितच ऐकला असेल. हिल्का उठली आणि उरलेले शर्ट घडी करू लागली, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की तिचे हातही त्याच तालात चाललेत.