सेफ्टी व्हॉल्ववरचा मारुती

सोमवार, १८ नोव्हेंबर १९५७. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी रिसोडच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या बॉयलरचा काटा ऐंशी पौंडांवर आला आणि सेफ्टी व्हॉल्व उघडला नाही. दोन मिनिटांनी काटा पंच्याऐंशीवर गेला. तरीही उघडला नाही.

त्या वेळी बॉयलरसमोर तीन माणसं होती. वार्षिक तपासणीसाठी नागपूरहून आलेले इन्स्पेक्टर, जिनिंगचे मॅनेजर जानराव आणि बॉयलर सांभाळणारा इंद्रभान. आठ तेराला दोनच उरली. साहेबांसाठी पाणी आणतो म्हणून जानराव जे बाहेर पडले, ते थेट आवाराच्या फाटकापाशी जाऊन थांबले.

इंद्रभानने कोणाकडे पाहिलं नाही. भट्टीचं दार उघडून लांब आकड्याने जळता कोळसा बाहेर ओढला, पाण्याचा पंप चालू केला, इंजिनाला वाफ सोडली. चार मिनिटांत काटा सत्तरवर उतरला. इन्स्पेक्टरांच्या हातात सगळा वेळ घड्याळ होतं. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि वही काढली. वही पाहिल्यावर मात्र इंद्रभानने टोपी काढून हातात घेतली.

कारण तपासणी फक्त बॉयलरची नव्हती, त्याचीही होती. नऊ वर्षं त्याने म्हाताऱ्या पुंजाजीच्या हाताखाली कोळसा ओढला होता. पुंजाजीकडे अटेंडंटचं सर्टिफिकेट होतं. गेल्या हंगामाअखेर तो थकून घरी बसला आणि बॉयलर इंद्रभानकडे आला, पण सर्टिफिकेटवाचून. या तपासणीत साहेबांनी पास केलं तर जागा कायम होणार, नाहीतर अकोल्याहून सर्टिफिकेटवाला माणूस येणार, हे जानरावांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. त्या माणसाची ट्रंक ठेवायची कोणती खोली, तेही ठरलेलं होतं.

बॉयलरची ही खोली म्हणजे गावचं पॉवर हाउस. इथल्या वाफेवर दिवसा सरकी काढायची यंत्रं चालत आणि संध्याकाळी डायनामो फिरून बाजाराच्या गल्लीत बावीस बल्ब लागत. बल्ब मंद झाले की लोक इंद्रभानच्या नावाने ओरडत. तो मनातून खूश होई. पुंजाजीच्या काळात पुंजाजीच्या नावाने ओरडत.

"वर काय आहे ते?" इन्स्पेक्टरांनी बोट दाखवलं.

बॉयलरच्या माथ्यावर व्हॉल्व होता. त्यावर एक आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला टांगलेलं लोखंडी वजन. वाफ ऐंशीच्या वर गेली की तिने त्या वजनासकट दांडी उचलायची आणि बाहेर पडायचं. सगळी सुरक्षितता ती एवढीच. फक्त वजन दिसत नव्हतं. दांडीला शेंदराचा एक केशरी गोळा लोंबत होता. त्याला चांदीचे डोळे होते आणि गळ्यात रुईच्या पानांची माळ.

"मारुती हाये साहेब," इंद्रभान म्हणाला.

"आणि वजन?"

"तेच वजन. तोच मारुती."

"वजनावर आकडा कोरलेला असतो. छप्पन पौंड. तो मला दिसला पाहिजे. शेंदूर खरवडा."

दर शनिवारी तेल आणि शेंदूर इंद्रभान स्वतः चढवत होता. आधी पुंजाजी चढवायचा, मग पुंजाजीने सांगितलं म्हणून तो. बॉयलर फुटेल या भीतीने त्याचा हात कधी मागे आला नव्हता, पण देवाची शेंदराची खोळ खरवडायची म्हटल्यावर दोन्ही हात आपोआप मागे गेले.

"खोळ आपल्या मनानं सुटत असते साहेब. कोनी काढत नाई."

"कधी सुटेल?"

"ते कसं सांगाव?"

इन्स्पेक्टरांनी फाटकापाशी उभ्या जानरावांना हाक मारली. जानराव खिडकीपर्यंत आले. खरवडायचं नाव ऐकून म्हणाले, माझं काम हिशोबाचं आणि मालाचं, यंत्राला मी कधी हात लावत नाही. मग त्यांनीच विनंती केली, की साहेब सरकारी आहेत, त्यांनीच हात लावला तर कोणाला दोष लागणार नाही.

"मी तपासणी करतो, दुरुस्ती नाही," इन्स्पेक्टर म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले. इंद्रभानने ते पाऊल नीट पाहून ठेवलं.

एवढ्यात यंत्रं बंद का, हे विचारायला जिनावरच्या बाया आल्या. बत्तीस बाया, आणि पुढे त्यांची मुकादम सोजरबाई. बाया यंत्रांना कापूस लावायच्या ती जागा बॉयलरच्या भिंतीपलीकडे होती. सोजरबाईने कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे हे उघडलं नाई त काय होते?"

"बॉयलर फुटतो," इन्स्पेक्टर म्हणाले.

"कोन्या बाजूनं?"

"ते सांगता येत नाही."

"भित इकडं हाये, म्हंजे आमच्याच बाजूनं." तिने इंद्रभानकडे मोर्चा वळवला. "काहून रे इंद्रभान, देवाची सेवा तू करून राह्यला आन् मरन आमाले?"

"अवो काकू, मी का मुद्दाम..."

"आन् देवाले तरी काय सुख हाये? खाली जाळ, वर पत्रा. बाराही महिने टांगून ठेवला बिचाऱ्याले. मी म्हंतो, त्याले खाली उतरवा, सावलीत बसवा, आन् तिथं दुसरं काय लटकवाचं ते लटकवा. खरवडाची गोष्टच काढू नका."

ही सूचना इतकी सरळ होती की इन्स्पेक्टरांनी वहीत आणि इंद्रभानने टोपीत पाहिलं. अडचण एकच निघाली. नवं वजन लटकवायचं तर नेमकं किती पौंडांचं काढून किती पौंडांचं लावलं, ते कागदावर यायला हवं. म्हणजे मारुती तोलायला हवा.

साडेदहाला बॉयलर निवाल्यावर इंद्रभानने आंघोळ केली, ओल्या धोतराने वर चढला आणि मारुती काढला. कापसाच्या गठाणी तोलायचा मोठा काटा आवारात होता, पौंडांचा. मापारी किसनसिंगने पारड्यात आधी धुतलेलं फडकं अंथरलं. रोज तो गठाणीचं वजन पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत असे. आज त्याने काटा पाहिला, पुन्हा पाहिला आणि इन्स्पेक्टरांच्या कानात सांगितलं.

"मोठ्याने सांगा," इन्स्पेक्टर म्हणाले.

"देवाचं वजन चारचौघांत कसं सांगाव जी?"

"सांगा."

"एकाहत्तर."

इन्स्पेक्टरांनी वहीत गुणाकार केला. या वजनाने व्हॉल्व एकशे एक पौंडांवर उघडला असता, आणि बॉयलर मंजूर ऐंशीचा होता. त्यांनी हे सोजरबाईला समजेल अशा भाषेत सांगितलं. सोजरबाई त्यांच्याकडे नाही, भिंतीकडे पाहत राहिली.

"पण साहेब," किसनसिंग आता भीड चेपून म्हणाला, "पंधरा पौंड शेंदूर? मी बावीस वर्सं तोलून राह्यलो. एवढ्याशा गोळ्यात पंधरा पौंड शेंदूर मावत नाई. आत लोखंड हाये."

सगळ्यांनी इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभानने मारुतीकडे पाहिलं.

पुंजाजीला बोलावणं गेलं. तो पावणेबाराला काठी टेकत आला, पारड्यात बसलेला मारुती पाहून त्याने आधी नमस्कार केला आणि मग डोक्याला हात लावला.

"कोनं उतरवला?"

"बाबा," इंद्रभान म्हणाला, "आत काय हाये?"

पुंजाजी खाली बसला. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावरही बराच वेळ भांडं तोंडाशी धरून राहिला. शेवटी म्हणाला, "जुन्या इंजिनाचा पाना हाये. तारेनं बांधला."

हकीकत अशी निघाली. बारा वर्षांमागे व्हॉल्व गळायचा. ऐंशीच्या आतच वाफ सुटे, इंजिन मंदावे आणि त्या वेळचे मालक पुंजाजीला शिव्या देत. म्हणून त्याने वजनाला पाना बांधला. तपासणीवाल्याला तो दिसू नये म्हणून वरून शेंदूर लावला. शेंदराला कोणी हात लावणार नाही, हे त्याला माहीत होतं. पहिल्या शनिवारी एका हमालाने नमस्कार केला. दुसऱ्या शनिवारी कोणीतरी नारळ फोडला. तिसऱ्या वर्षी डोळे आले.

"आन् तपासनीत? दर साली बरोबर ऐंशीवर कसा उघडत होता?" जानरावांनी विचारलं. ते आता बरेच जवळ आले होते.

"मी मांगून काठीचा टेका देत होतो. ऐंशी झाले की हळूच वर."

"म्हंजे देव नाईच!" मागून एक बाई म्हणाली.

"नाई कसा?" पुंजाजी उसळला. "पाना माहा, शेंदूर माहा, कबूल. पन माह्या नातवाचा ताप कोनं उतरवला? वाफेनं तुहा बाप पाठवला होता काय उतरवाले?"

यावर वाद पेटला. सोजरबाईचं म्हणणं, बारा वर्षं नमस्कार झालेला देव आता फिरवता येत नाही. किसनसिंगचं म्हणणं, देव छप्पन पौंडांचा आहे, पान्याचे पंधरा पौंड देवात धरायचे नाहीत. इन्स्पेक्टरांनी या वादात भाग घेतला नाही. त्यांनी इंद्रभानला बाजूला नेलं.

"कागदावर घ्यायचंय. आत पाना आहे हे तुला माहीत होतं?"

इंद्रभानला दोन्ही बाजूंनी खड्डा दिसला. माहीत होतं म्हणावं, तर गुन्ह्यात सामील. माहीत नव्हतं म्हणावं, तर स्वतःच्या व्हॉल्ववर काय टांगलंय हे न कळणाऱ्याला सर्टिफिकेट कोण देणार? त्याने गळ्यातला गमछा सोडला, पुन्हा बांधला.

"माईत नव्हतं साहेब. मी फक्त शेंदूर लावला. नऊ वर्सांत इचारलंच नाई."

"का नाही विचारलं?"

"देवाले आत काय हाये, हे कोन इचारते?"

इन्स्पेक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. वर बजावलं, "बॉयलरच्या कोणत्याही कागदावर आपण नाही ते आहोत म्हणून सही केली तर शिक्षा होते. लक्षात ठेव."

मारुतीला आवारात सावलीत बसवलं. वाशिमहून छप्पन पौंडांचं नवं वजन यायला दुपार गेली. ते नुसतं काळं होतं. संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटांनी काटा ऐंशीवर आला आणि व्हॉल्व असा काही गरजला, की जानराव पुन्हा पाणी आणायला गेले. बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बॉयलरला बारा महिन्यांची मंजुरी जागेवर लिहून दिली. अटेंडंटच्या रकान्यात मात्र 'निर्णय पत्राने कळवू' एवढंच लिहून ते सहाच्या मोटारीने गेले.

मंगळवार गेला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. इंद्रभानने काटा अठ्ठ्याहत्तरच्या वर जाऊ दिला नाही. बाजारातले बल्ब जरा मंद होते आणि लोक ओरडत होते. त्याला ते ऐकून बरं वाटायचं, आणि हे आणखी किती दिवस ऐकायला मिळणार म्हणून वाईटही वाटायचं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता पोस्टमन हेमसिंग नागपूरचं रजिस्टर पाकीट घेऊन पॉवर हाउसच्या दारात उभा राहिला. पाकिटावर नाव नव्हतं. नुसतं टाइप केलेलं होतं: 'प्रमाणित बॉयलर अटेंडंट यांस'.

"करा सही," हेमसिंग म्हणाला.

इंद्रभानने कोळशाचा हात धोतराला पुसला, पेन्सिल घेतली आणि तशीच धरून राहिला.

"मी प्रमानित हाये की नाई, ते त्या पाकिटात हाये भाऊ."

"मंग फोडा आन् पाहा."

"फोडाच्या आधी सही मांगून राह्यला नं तू?"

"नियम हाये."

"मी सही केली आन् आत नापास निंगालो, त? खोटी सही झाली. साहेबानं बजावून सांगतलं."

"काय गा, कायले घोळ घालता! जानरावभाऊ, तुमी करा."

"मी अटेंडंट हावो काय?" जानराव खिडकीतून म्हणाले. "पुंजाजीबाबाले इचार. त्यांच्यापाशी हाये सर्टिफिकेट."

पुंजाजीकडे माणूस गेला. पुंजाजीने निरोप पाठवला, की नागपूरच्या कोणत्याच कागदाला आपण आता हात लावणार नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हेमसिंग पाकीट घेऊन परत गेला. ते सध्या रिसोडच्या पोस्टात आहे. नियमाप्रमाणे सात दिवस राहील, मग नागपूरला परत जाईल. त्याच दिवशी दुपारपर्यंत इंद्रभान दोनदा पोस्टापर्यंत जाऊन परत आला होता, आणि दोन्ही वेळा तो नसताना बॉयलरचा काटा पाहत सोजरबाई उभी होती.