पॉइंटचं बटण मेलं त्यानंतर

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. मी कधीच खोटं बोललो नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे बोललोय.

मला शाळेत आणणाऱ्या मुलाला बाईंनी बाकावर उभं केलं. "पाढे काय तुझा बाप म्हणणार?" मी जप्त झालो, कपाटात गेलो. मार्कांच्या बेरजा मात्र बाई माझ्यावरच करायच्या, दार लावून. वर्ष संपल्यावर मला परत देताना त्याला म्हणाल्या, "सहाचं बटण जरा जोरात दाब."

पुढे मुलगा इंजिनिअरिंगला गेला. तिथे सगळं उलटंच. मी सोबत नसलो तर परीक्षेला बसणं अवघड. तो शिकला, तिथेच सर झाला. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो, स्टेपलरच्या पिनांशेजारी. कितीतरी वर्षं.

बाहेर निघालो तेव्हा पॉइंटचं बटण मेलं होतं. सर खूश झाले. "आता खरा कामाचा झालास!"

मला ते लागलं.

तेव्हापासून तोंडी परीक्षेत मोबाईल बाहेर, हातात टेप आणि मी. खोली मोजा, किती चौरस मीटर फरशी लागेल ते सांगा. एकेक जण आत यायचा. त्या दिवशी चौघांनी माझा आकडा जसाच्या तसा उतरवला, चौघंही नापास झाले.

पाचवी एक मुलगी. तिसरी खेप. यावेळी नापास झाली तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. तिने साडेसहा बाय आठ पॉइंट चार मोजलं, भराभर बटणं दाबली. मी दाखवलं, पाच हजार चारशे साठ. तिने लिहिलंसुद्धा.

मला ओरडायचं होतं. मला तोंड नाही.

पेन खाली ठेवता ठेवता तिने मान वर केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघितलं. मग आकडा खोडला आणि कागदाच्या कडेला पुटपुटत गुणाकार मांडला. चोपन्न पॉइंट सहा.

"कॅल्क्युलेटर काय म्हणतोय?" सरांनी विचारलं.

"फेकतोय, सर. इथे काय विमान उतरवायचंय?"

सरांनी पास लिहिलं. तिने मला टेबलावर ठेवलं, जरा आपटूनच.

इतकी वर्षं बरोबर उत्तरं दिली, पण माझ्यावर संशय घेणारी ही पहिलीच. माझी एवढीच विनंती आहे, मला हातात घ्याल तेव्हा माझ्याकडे जरूर बघा. पण आधी खोलीकडे बघा.