खाजगीत घेतलं

उलव्यात सेक्टरांच्या मधोमध विमलबाईंचं जुनं गाव अजून तग धरून आहे. भोवती पंधरा-पंधरा मजल्यांचे टॉवर, आत दीड-दोनशे घरं, एक देऊळ, अर्धं बुजवलेलं तळं आणि आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्या. विमलबाई तिथल्या आशाताई. चौदा वर्षं त्यांनी हे काम केलं. कोणाच्या बाळाला दीड महिना झाला, कोणाच्या नऊ, हे त्या यादी न बघता सांगायच्या. गावाच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत बांधकामावरचे मजूर राहायचे, तिथेही जायच्या. एकदा एका बापाने रागाने त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. पुढच्या बुधवारी त्या पुन्हा त्याच्या दारात उभ्या होत्या, आणि त्या बाळाला लस देऊनच परतल्या.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात मात्र एक मूल लसीवाचून राहिलं होतं.

मुलगा निशांत उरणच्या बाजूला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. सून गीतांजली कराडकडची. त्यांची मुलगी जुई. दीड महिन्याची असताना जुईला पहिला डोस दिला आणि तिला ताप भरला. दोन दिवस ती एकसारखी किंचाळत होती. मांडीवर गाठ आली, पिकली, शेवटी डॉक्टरने चिरा देऊन पू काढला. गीतांजली पोरीला छातीशी धरून बसली होती. ती म्हणाली, "आई, पुन्हा हिला सुई लावायची नाही. तुम्ही म्हणालात म्हणून मी एकदा ऐकलं."

"अगं, असं लाखात एखाद्याला होतं. पुढच्या वेळी दुसऱ्या मांडीवर देऊ," विमलबाई म्हणाल्या.

"दुसऱ्याच्या पोराला द्या."

निशांत मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही. सून पहिल्यांदाच विमलबाईंशी अशी बोलली होती. नवरा गेल्यानंतर घरात आता कुठे माणसं नांदायला लागली होती, त्यात वाद नको, थोडे दिवस जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं.

थोडे दिवस गेले. पुढच्या डोसच्या बुधवारी मेहरुन्निसा सिस्टर उपकेंद्रात आल्या. त्या उरणच्या, नवऱ्याच्या स्कूटरवरून यायच्या आणि दुपारपर्यंत लस देऊन रजिस्टर भरायच्या. त्यांनी विचारलं, "विमलबाई, जुई कुठाय?"

"तिला खाजगीत घेतलं," विमलबाई म्हणाल्या. "सुनेच्या ओळखीचे डॉक्टर हायेत."

"बरं झालं. कार्ड द्या, मी भरते. तुमच्या घरी काय बघायचं!"

सिस्टरने कार्डावर खूण केली आणि रजिस्टरात 'खाजगीत' असं लिहिलं. पहिल्यांदा विमलबाईंनी ते कार्ड न बघताच पिशवीत कोंबलं. नंतरच्या डोसाला तेवढं वाटलं नाही. जुई दोन वर्षांची होईपर्यंत तिचं कार्ड गावातल्या इतर पोरांसारखंच पूर्ण भरलेलं होतं.

जुई पावणेतीन वर्षांची असताना, डिसेंबरात, तिचा घसा दुखायला लागला. ताप फारसा नव्हता. सेक्टरमधल्या दवाखान्यात टॉन्सिल सांगितले, गोड औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती पाणीही गिळेना. मान दोन्ही बाजूंनी सुजली होती, आवाज बसला होता. विमलबाईंनी तिला खिडकीशी नेलं आणि चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली. घशात करड्या रंगाचा पडदा धरला होता, ओल्या चामड्यासारखा. प्रशिक्षणात दर वर्षी हे चित्र दाखवत. चौदा वर्षांत त्यांनी ते कधी खऱ्या घशात पाहिलं नव्हतं.

"काय दिसतंय?" गीतांजलीने विचारलं. तिला पाचवा महिना होता.

"मोठ्या दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ताच."

जुईला घेऊन त्या दोघी रिक्षाने निघाल्या. सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात डॉक्टर हादिया होत्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी टॉर्चने घसा पाहिला, पुन्हा पाहिला आणि हात पुढे केला. "लसीकरणाचं कार्ड?"

गीतांजली दचकली. तिला वाटलं कार्डच नसेल. विमलबाईंनी पिशवीतून काढून दिलं, कारण कार्ड नेहमी त्यांच्याच पिशवीत असायचं. डॉक्टरांनी एकेक रकाना पाहिला. "सगळं पूर्ण आहे. बूस्टरसुद्धा. मग घटसर्प असण्याची शक्यता कमी. तरी नमुना पाठवते. तोवर अँटिबायोटिक सुरू करू."

गीतांजलीने सासूकडे पाहिलं. कार्ड भरलेलं आहे हे तिला तेव्हा प्रथम कळलं. आपल्या नकळत आईंनी लस दिली असेल, असं क्षणभर तिला वाटलं, आणि त्याचा रागही आला नाही, उलट धीर आला. हे तिने नंतर निशांतला सांगितलं.

विमलबाई त्या वेळी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना माहीत होतं की घटसर्पाला नुसती अँटिबायोटिक पुरत नाहीत, त्याच्या विषावर वेगळं औषध लागतं आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. पण तिथली नर्स त्यांना ओळखत होती. गेल्याच वर्षी तालुक्याच्या कार्यक्रमात त्यांचा शाल देऊन सत्कार झाला होता. नमुन्याचा निकाल येईल, डॉक्टरांना आपोआप कळेल, असं त्या मनाला समजावत राहिल्या. दुपार गेली, संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईचा श्वास घरघरायला लागला. तिने आजीचा पदर मुठीत धरला होता आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखाली खड्डा पडत होता. विमलबाईंनी पदर सोडवून घेतला आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी गेल्या.

"मॅडम, ते कार्ड खोटं हाय."

"म्हणजे?"

"एकच डोस झालाय. पहिला. बाकी काय दिलेलं नाय. मी सिस्टरला खोटं सांगितलं. मी आशा हाय तिथली."

डॉक्टर हादियांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काल इथे उभ्या होता."

"व्हय."

"काल कार्ड बघून मी घटसर्प बाजूला ठेवला. तुम्ही समोर होता."

डॉक्टर एवढंच बोलल्या आणि फोनकडे वळल्या. विषावरचं औषध त्या रुग्णालयात नव्हतं. चार ठिकाणी फोन केल्यावर मुंबईत मिळालं. निशांत टॅक्सी करून गेला, बर्फाच्या डब्यात घेऊन आला. सुई टोचेपर्यंत दुपारचे चार वाजले होते.

दोन दिवसांत घशातला पडदा सुटायला लागला. सहाव्या दिवशी जुईने पेज खाल्ली, शेजारच्या खाटेवरच्या पोराचं खेळणं मागितलं. निशांतने वॉर्डात पेढे वाटले. डॉक्टर हादिया मात्र रोज तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत. "विष हृदयापर्यंत गेलेलं असू शकतं," त्या म्हणाल्या. "दुसरा आठवडा जपायचा. तिला पळू देऊ नका."

जुई पळाली नाही. बाराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गीतांजली तिचे केस विंचरत होती. पोर म्हणाली, "मम्मी, झोप आली." तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. तिचे ओठ निळे पडले तेव्हा गीतांजलीला वाटलं, थंडीने असेल. डॉक्टर आणि नर्सनी वीस मिनिटं प्रयत्न केले.

जुईच्या तेराव्यानंतर गीतांजलीची आई तिला न्यायला आली. विमलबाई दारापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, मी जे केलं..."

"मी नको म्हणाले होते," गीतांजली म्हणाली. "ते मी विसरले नाही. पण असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, आई. तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्यांच्या दारात तुम्ही दहा-दहा वेळा जायचात. शिव्या खायचात. माझ्या दारात एकदाच आलात."

ती बॅग उचलून गेली. विमलबाईंनी तिच्या बोलण्यातला एक शब्दही खोडून काढला नाही, कारण त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी स्वतः जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळं लिहून दिलं. त्यांचं काम गेलं. मेहरुन्निसा सिस्टरला नोटीस आली आणि डोंगराकडच्या एका उपकेंद्रात बदली झाली. जाण्याआधी त्या रजिस्टर तपासायला बसल्या. जिथे जिथे 'खाजगीत' लिहिलं होतं अशी अकरा नावं निघाली. त्यांनी प्रत्येक घरी पावती मागितली. चार घरांत पावती नव्हती, लसही नव्हती.

"मी तुम्हाला कधी विचारलं नाही," सिस्टर विमलबाईंना म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं घर असतं तर विचारलं असतं. तुमचं होतं म्हणून नाही विचारलं, आणि मग बाकीच्यांनाही विचारायचं राहिलं. पंचवीस वर्षं नोकरी केली मी."

"माफी कशी मागू, सिस्टर?"

"माझी नका मागू. ती चार घरं राहिलीत. नवी आशा पोरसवदा आहे, तिचं कोण ऐकणार?"

विमलबाई त्या चार घरी गेल्या. दोन घरांनी लगेच ऐकलं, जुईचं सगळ्या गावाला कळलं होतं. तिसऱ्याने दार उघडलं नाही. चौथं घर श्यामसुंदरचं, टॉवरमध्ये नव्याने राहायला गेलेल्या गाववाल्याचं. तो जाळीच्या दारामागूनच बोलला.

"काकी, तुमच्याच घरात नाय दिली तुमी. आमाला कुठच्या तोंडानं सांगता?"

"म्हणून तर आले," विमलबाई म्हणाल्या. आणि मग जाळीबाहेर उभं राहून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. घशातला पडदा कसा दिसतो, श्वासाला गळा कसा आत जातो, आपण कार्ड कसं पुढे केलं आणि रात्रभर तोंड कसं बंद ठेवलं. श्यामसुंदरची बायको मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "बास करा," आणि आतलं दार लावून घेतलं.

पुढच्या बुधवारी त्याची बायको पोराला घेऊन उपकेंद्रात आली. विमलबाई तळ्याच्या कठड्यावर बसल्या होत्या. त्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मे महिन्यात गीतांजली कराडला बाळंत झाली. मुलगा झाला. निशांत महिन्यातून एकदा जायचा. ऑगस्टच्या शेवटी तो परत आला तेव्हा विमलबाई भाकऱ्या थापत होत्या. तो बूट काढता काढता म्हणाला, "बाळाला तिसरी लस पण झाली."

"कोणी नेलं?"

"तीच. स्वतः. पहिल्या वेळी ताप आला होता त्याला. दोन दिवस ती मांडीवर घेऊन बसली होती, खाली ठेवला नाही."

विमलबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "दिसतो कोणासारखा?"

निशांतने मोबाइल पुढे केला. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, पण मोबाइल हातात घेतला नाही, लांबूनच पाहिलं.

"कधी आणनार तू त्यांना?"

"विचारलं मी," निशांत म्हणाला. "ती म्हणते, मी येईन, पण वेगळी राहीन. रबाळ्याला खोली बघायला सांगितलंय."

"बघितलीस?"

"बघितली."

विमलबाईंनी ताट घेतलं, त्याच्यासाठी भाकरी वाढली आणि समोर बसून त्याचं जेवण होईपर्यंत थांबल्या.