लाल रेघ नसलेली जागा

आमच्या तालमीला यंदा पन्नास वर्षं पुरी होतात, म्हणून स्मरणिका निघायची आहे. कुस्त्यांविषयी आणि गणपतीविषयी लिहायला माणसं पुष्कळ. पण तालमीच्या माडीवर चौदा वर्षं आम्हा पोरापोरींचं नाटक मंडळ चाललं, त्याचं कोण लिहिणार? मागच्या महिन्यात बापूसोदादा घरी आले. माझी तान्ही लेक मनू नुकतीच पाळण्यात डोळे मिटत होती, म्हणून हळू आवाजात म्हणाले, "त्रिशला, तू विंगेत बसून सगळं बघितलंयस. तूच लिही." सालवार टिपण त्यांनी करूनच आणलं होतं.

मनू झोपली की मला अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात लिहायचं, ती कुरकुरली की वही मिटायची. पासष्ट सालापासून त्र्याहत्तरपर्यंत भराभर उतरलं. पुढची ओळ बापूसोदादांच्या वळणदार अक्षरात अशी होती: "१९७४. इलाही ऐनवेळी वाक्य विसरला. बक्षीस हुकले."

तिथं माझी वही आठ दिवस अडली.

बापूसोदादा तेव्हा पन्हाळ्याच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळची एस.टी. गडावरून खाली आली की नाटकाची तालीम सुरू. धुक्यात गाडी अडकली की आम्ही माडीवर शेंगा खात बसायचो. खाली पैलवान शड्डू ठोकायचे, लाल मातीचा आणि तेलाचा वास जिन्यानं वर यायचा. नाटकं बापूसोदादाच लिहायचे, तेच बसवायचे. माझ्या वडिलांची शाहूपुरीत गुळाची अडत. त्यांनी मला एका अटीवर सोडलं होतं: उजेडात उभं राहायचं नाही. म्हणून मी प्रॉम्प्टर झाले. काळोखात विंगेत स्टूल, मांडीवर वही, हातात लहान बॅटरी.

दादांचा नियम साधा होता. जिथं नटानं मुद्दाम थांबायचं, तिथं वहीत लाल पेन्सिलीची उभी रेघ. रेघ असली की गप्प बसायचं. रेघ नसताना नट थांबला तर मनात पाच मोजायचे आणि पाचाला पहिला शब्द द्यायचा. चार वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते, आणि त्याचा मला फार ताठा होता.

इलाही पिंजाऱ्याचा. दिवसभर वडिलांबरोबर, मीरासाबांबरोबर, कापूस पिंजायचा आणि तसाच तालमीला यायचा. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. दादा म्हणायचे, म्हाताऱ्याचा मेकप गडी घरनंच करून येतोय. त्या चेष्टेतून त्याला म्हाताऱ्यांची कामं मिळू लागली, आणि मग कळलं की बावीस वर्षांच्या ह्या पोराच्या आवाजात खरोखरच एक म्हातारा बसलेला आहे. त्याचं पाठांतर इतकं चोख की त्याच्या प्रवेशात मी बॅटरी विझवून नुसती ऐकत बसे.

चौऱ्याहत्तरच्या नाटकात तो बाप होता. कारखान्यात मेलेल्या मुलाचे कपडे कोणीतरी आणून त्याच्या हातात देतं. घरातली माणसं दार लावायला उठतात, तेव्हा तो म्हणतो, "दार लावू नका. त्याला सवय न्हाय कडी वाजवायची." एवढंच वाक्य आणि पडदा. तिथं लाल रेघ नव्हती. दादांचं मत होतं की बोलायला वेळ लावला तर माणसं रडायच्या आधी खोकायला लागतात.

नाट्यस्पर्धेच्या बारा दिवस आधी मीरासाब गेले. इलाही काम करणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण तो आला. बापाचा काळा कोट बरोबर घेऊन आला. आईनं दिलाय, म्हणाला, नाटकातल्या बापाला होईल.

त्या दिवशी थेटर भरलेलं होतं. माझे वडील चौथ्या रांगेत. शेवटचा प्रवेश आला, इलाहीनं कपडे घेतले, दुसरा हात कोटाच्या खिशात घातला आणि तो थांबला. मी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलेलं. रेघ नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. "दार..." मी म्हणाले. वाक्य आलं नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणाले, "दार लावू नका!"

शब्द पुढच्या रांगांत जाऊन पडले. थेटरच्या माडीवरून कोणीतरी ओरडलं, "अरं बोल की म्हाताऱ्या, आतनं बायको सांगायलीय!"

अख्खं थेटर हसलं. तेव्हा कुठं मी वहीतून डोळे वर काढले. इलाहीचा चेहरा रंगानं नव्हे, पाण्यानं चमकत होता. हसणं थांबेपर्यंत तो उभा राहिला, मग अगदी हळू वाक्य बोलला. ते कुणालाच ऐकू आलं नाही.

परीक्षकांनी शेरा दिला, पाठांतर कच्चे. दादांनी सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. नंतर काळे पडदे घडी घालताना एक टोक त्याच्याकडं आणि एक माझ्याकडं होतं. घडीला घडी मिळवायला जवळ आलो, तेव्हा तो म्हणाला, "मी इसरलो न्हवतो. खिशात अब्बाची सुई लागली हाताला. गादी शिवायची, कापसात गुंडाळल्याली. जरा थांबलो, एवढंच."

मी दादांना सांगते म्हणून वळले, तर तो म्हणाला, "नगं सांगूस. बायको म्हणून हसली माणसं, आणि तुझा बा तिथं बसलाय. तुझ्यामुळं झालं असं कळलं तर उद्यापासनं तुझं येणं बंद. माझं काय, गड्याचं."

मी ऐकलं. त्याचं ऐकलं असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला तेच हवं होतं.

इलाही पुन्हा माडीवर आला नाही. पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गल्लीतून निघाला की पोरं मागून ओरडायची, दार लावू नका. त्याच्यावाचून मंडळ चार-पाच वर्षं कसंबसं चाललं, एकोणऐंशीत बंद पडलं. एक्याऐंशीत इलाही छातीच्या दुखण्यानं गेला. मी भेटायला गेले नाही. निमित्त होतं काहीतरी. आता ते आठवतही नाही.

शेवटी एका दुपारी मनूला मांडीवर घेऊन मी दादांची ओळ खोडली आणि लिहिलं, इलाही विसरला नव्हता, चूक विंगेतली होती. दादांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मी त्याला काय काय बोललो गं." मग म्हणाले, "छापू की. पण ताजबीला वाचता येत न्हाय. तिला तुलाच तोंडानं सांगायला पायजे."

ताजबी म्हणजे इलाहीची आई. अजून त्याच गल्लीत वाकळा शिवते. मनूसाठी वाकळ शिवायची म्हणून माझी जुनी लुगडी घेऊन मी गेले. तिनं मनूला मांडीवर घेतलं, हनुवटीला बोट लावलं, ओळख विचारली. मी तालमीचं नाव घेतलं तसं म्हणाली, "तुमच्यातच व्हता की माझा इलाही." लुगड्याचे थर लावत, टाके घालत ती आपणहून बोलू लागली. "तो कोट मीच दिला त्याला, बेटी. बाप मरून बारा दिस, आणि मीच म्हणलं, जा, अब्बाला आवडायचं तुझं नाटक. पोराचं चित्त ठिकाणावर न्हवतं. म्हणून इसरला. मी धाडला नसता तर एवढं हसं झालं नसतं."

नऊ वर्षं ती हे उरात घेऊन बसली होती.

मी सांगितलं. रेघ, पाच आकडे, माझा आवाज, खिशातली सुई, पडद्याची घडी. थांबत थांबत, पण सगळं सांगितलं.

ताजबीचा टाका मधेच राहिला. हातातली जाड सुई तिनं उजेडाकडं धरली. "ह्यांच्या मयतानंतर ही सुई मी घरभर हुडकली," ती म्हणाली. "मग एक दिवस डब्यात घावली. कुठनं आली, त्यानं कधी सांगितलं न्हाय."

ती गप्प झाली. माझ्या मनात सवयीनं आकडे सुरू झाले. पाच झाले, दहा झाले, मी तोंड उघडलं नाही. मनू तिच्या बांगड्या ओढत होती.

मग ताजबीनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तो व्हता तवा का न्हाय बोललीस?"

तिनं मनूला माझ्याकडं दिलं, मान खाली घातली, आणि राहिलेला टाका घालून त्याच सुईनं पुढं शिवू लागली.