झरीत घर कुठं?

दत्तरावांनी स्कूटर थांबवली आणि पाटी मोठ्यानं वाचली, "व्हिएतनाम चायनीज सेंटर! चला झरीकर, आज परदेशात जेवू."

सिताराम झरीकर मागून उतरले. घरमालकानं आग्रहानं जेवायला न्यावं ही तशी आनंदाची गोष्ट. पण सकाळपासून त्यांनी दोनदा टाळून पाहिलं होतं. सहा वर्षांतली परभणीतली ही त्यांची चौथी खोली. आधीच्या तिन्ही, जात कळली की महिन्याभरात सुटल्या होत्या. दत्तरावांनी जात विचारलीच नव्हती. झरीकर आडनाव, वाचनालयातली नोकरी आणि हळू बोलणं, एवढ्यावर त्यांनी मनाशी काय ते ठरवून टाकलं होतं. सितारामांनी ते खोडलं नाही. विद्यापीठाचा नामविस्तार होऊन जेमतेम महिना झालेला, हवा तापलेली, आणि लेकीच्या, सत्यशीलाच्या दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे उरलेले. "पोरीचा शेवटचा पेपर होईपर्यंत तोंडाला कुलूप लावा," असं बायकोनं, मालनबाईंनी बजावलं होतं.

आत चार टेबलं. समोरच मोठ्या कढईवर वाकलेला माणूस वर बघू लागला आणि सितारामांचे पाय जागीच थबकले. तो आश्रुबा होता. झरीचा. कृषी विद्यापीठात आलेल्या एका व्हिएतनामी पाहुण्याचा स्वयंपाक दोन वर्षं करून त्यानं हे सगळं शिकून घेतल्याचं त्यांनी ऐकलं होतं. हॉटेल त्याचं, हे ठाऊक नव्हतं. आश्रुबानं बोलायला तोंड उघडलं, सोबतचा माणूस पाहिला आणि पुन्हा कढईत मान घातली.

वाडगे आले. वाफाळतं पाणी, पांढऱ्या लांब शेवया, कोंबडीचे तुकडे, वर सब्जाची पानं, लिंबू आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट.

"हे शेवया हायेत का गांडुळं?" दत्तराव हसले. चमच्यातून शेवया निसटायला लागल्या तसं त्यांनी सरळ वाडगा तोंडाला लावला. "आयला, लय ग्वाड लागायलंय! भाकर मिळंल का हो मालक?"

भाकरी मिळाली. अर्धं गिऱ्हाईक तीच मागत होतं.

"सत्यशीला माझ्या टेबलावर बसती का न्हाई अभ्यासाला?" दत्तरावांनी विचारलं. "तुमच्या खोलीत उजेड कमी. लाजू नका म्हणावं. लेकीसारखी हाय मला."

सितारामांनी मान हलवली. वाडगा अर्धाच ठेवून चमचा खाली ठेवला.

भाकरी चुरून संपल्यावर दत्तरावांनी आश्रुबाला जवळ बोलावलं. "झकास करायलाव. गाव कोणतं तुमचं?"

"झरी."

"अरे वा! हे बी झरीचेच. वळखत न्हाईत व्हय एकमेकाला?"

"वळखतो की. वाचनालयातले साहेब."

"मंग सांगा बरं, ह्यांचं घर कुठं हाय झरीत?"

दत्तरावांनी सहज विचारलं होतं. पण गावात घर कुठल्या बाजूला, एवढं कळलं की पुढं काही विचारावं लागत नाही. आश्रुबानं पंच्याला हात पुसले.

"मारुतीच्या देवळामागं. चांगलं माळवदाचं घर हाय."

त्या देवळाच्या पायरीला सितारामांनी कधी पाय लावला नव्हता.

"आन् तुमचं?"

आश्रुबाला तिथंच आपलंही घर सांगता आलं असतं. पडताळायला कोण जाणार होतं? "बुद्धवाड्यात," तो त्याच आवाजात म्हणाला.

दत्तरावांनी आरडाओरडा केला नाही. रुमाल काढून ओठ पुसले, परत पुसले. "असलं पाटीवर लिवाया पायजे," एवढं पुटपुटून ते उठले. "चला, झरीकर."

सितारामही उठले. खरोखरच उठले. खुर्ची मागं सरकली, हात चष्म्याच्या घराकडं गेला. आश्रुबा त्यांचा अर्धा वाडगा उचलत नजरेनंच म्हणत होता, जावा, तुमी जावा. ती नजर त्यांना सोसवेना. ते परत खाली बसले.

"माझं घर यांच्या घराला लागून आहे, दत्तराव. मधली भिंत एकच."

दत्तरावांनी रुमाल खिशात कोंबला. "पोरीला माझ्या टेबलावर बसवलं मी," म्हणाले आणि निघून गेले.

"कशाला बोललाव?" आश्रुबा खेकसला. "मी बरं झाकलं होतं. आता पोरगी परीक्षा कुठून देईल?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हनं! आन् एवढी पुस्तकं वाचलीत!" त्यानं भिंतीला टेकवलेली सायकल पुढं ढकलली. "घ्या, पळा. वहिनी घरी एकटीच आसंल."

सिताराम पायडल मारत सुटले. आपण बोललो ते हिमतीनं, की एकदा परत बसलो म्हणून मग बोलावं लागलं, हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं. रेल्वेचं फाटक बंद होतं. गर्दीत सगळ्यात पुढं दत्तरावांची स्कूटर. मागं थांबायला जागा नव्हती. सायकल स्कूटरच्या शेजारीच जाऊन टेकली.

मालगाडी संपता संपत नव्हती. दत्तराव डब्यांकडंच बघत होते.

"पेपर कवा संपतेत?"

"पंचवीस मार्चला."

"सव्वीसला खोली मोकळी करा."

"आणि टेबल?" सितारामांच्या तोंडून निघून गेलं.

दत्तरावांनी किक मारली. फाटक उघडलं, स्कूटर गेली. ही बातमी मालनबाईंना बरी म्हणून सांगावी की वाईट म्हणून, याचा विचार करत सिताराम मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत तिथंच उभे राहिले.